रेकॉर्डिंगमधला हशा ठेवावा की काढावा?

तिसरी_घंटा

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत सध्या एका गोष्टीवरून चांगलीच जुंपली आहे. गेल्या महिन्यात आमच्या विनोदी एकांकिकेचा प्रयोग झाला. तो आम्ही रेकॉर्ड करून घेतला आणि आता यूट्यूबवर टाकायचा आहे. अर्ध्या लोकांचं म्हणणं, प्रेक्षकांचा हशा जमेल तेवढा काढून टाका, तो कानावर आदळतो, वाक्यं खातो. माझं म्हणणं, हशा काढलात तर हाती उरेल ती तालीम. प्रयोग नव्हे.

तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काम करतोय, म्हणून ठामपणे लिहितो. विनोदी नटाला सगळ्यात आधी शिकावं लागतं ते हशावर थांबायला. हशा चढू द्यायचा आणि तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. लवकर टाकलं तर वाक्य बुडतं, पूर्ण ओसरू दिला तर मध्ये खड्डा पडतो. प्रयोगाची लय नट एकटा ठरवत नाही, समोरची माणसंही ठरवतात. त्यांचा आवाज पुसला की पडद्यावर दिसतं काय? एक माणूस वाक्य बोलून तीन सेकंद नुसता उभा आहे.

पुलंचं उदाहरण तर घराघरातलं. १९६१ साली 'बटाट्याची चाळ' त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली, ती समोरच्या माणसांच्या भरवशावर. 'म्हैस' आपण किती वेळा ऐकली असेल? उस्मानशेट, मधू मलुष्टे, बगूनाना, झंप्या दामले असा एकेक उतारू उभा राहतो आणि ते सभागृहच एसटीत आपल्या शेजारच्या बाकावर बसलेलं आहे असं वाटायला लागतं. तो हशा काढलेली 'म्हैस' मला नको.

माझ्याकडे एक कॅसेट आहे. १९८७ च्या गणेशोत्सवात आमच्या शाळेतल्या गुरुजींनी कथाकथन केलं होतं. वडिलांनी स्टेजच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून ते घेतलं. दुसऱ्या बाजूला, साधारण मध्यावर, एका बाईला हसता हसता ठसका लागतो. गुरुजी गोष्ट थांबवतात, "पाणी द्या रे त्यांना, अजून सासू यायचीय गोष्टीत," म्हणतात, आणि मंडप कोसळतो. ती बाई म्हणजे माझी आत्या. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. गुरुजींचं ते वाक्य गोष्टीत नव्हतंच, ते आत्याच्या ठसक्यातून आलं.

मागाहून चिकटवलेल्या हशाची बाजू मी घेत नाही. त्या रात्रीच्या, त्या माणसांच्या हशाबद्दल बोलतोय. तुमचं काय मत?

कर्णफूल

आत्याचं वाचून गलबललं. तरीही माझं मत तुमच्या विरुद्ध आहे आणि त्याचं कारण माझी आई.

आई ७६ वर्षांची, दोन्ही कानांना मशीन. एके काळी दादरला शिवाजी मंदिरात महिन्यातून दोन तरी नाटकं बघणारी बाई. आता टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला की मशीन हशाही मोठा करतं आणि बोलणंही मोठं करतं, दोन्हीचा एकच काला होतो. पंच, म्हणजे विनोदाचा फटका, नेमका वाक्याच्या शेवटच्या शब्दावर असतो आणि नेमका तोच शब्द हशाखाली जातो. आई विचारते, "काय म्हणाला?" मी मागे नेऊन लावते. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती म्हणते, "राहू दे गं."

ऐकू न येणं तिला सवयीचं झालंय. बातम्यांमध्ये दोन शब्द सुटले तर ती सोडून देते. पण इथे शंभर माणसं हसताना ऐकू येतात आणि ती का हसली ते कळत नाही. तुम्ही म्हणता हशामुळे सभागृह शेजारी येऊन बसतं. आईला त्याच हशामुळे सभागृहाबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

मुका_सीन

कर्णफूल, पूर्ण सहमत. आणि ज्यांचे कान ठणठणीत आहेत त्यांच्याही बाजूने लिहितो.

'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा सिनेमा. त्यात कुणाचाही हशा भरलेला नाही. आज मी तो रात्री एकटा, मोबाईलवर, इयरफोन घालून बघतो आणि तरी पोट धरून हसतो. कुठे हसायचं हे मला कुणी सांगावं लागत नाही. अशोक सराफ यांच्या चेहऱ्यावरून जे सरकतं ते पुरतं. मग टीव्हीच्याच प्रेक्षकाला बोट धरून का न्यायचं?

अमेरिकेत 'मॅश' नावाची मालिका १९७२ ते १९८३ चालली, कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी रुग्णालयाची. वाहिनीच्या हट्टापायी तिच्यावर भरलेला हशा चढवला गेला. करणाऱ्यांनी निदान एवढं पदरात पाडून घेतलं की शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हसू घालायचं नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने तीच मालिका हशाशिवाय दाखवली. दोन्ही तऱ्हा बघा. हशा नसताना त्या डॉक्टरांचे विनोद म्हणजे थकलेल्या माणसांनी वेड लागू नये म्हणून बोललेली वाक्यं वाटतात. हशा आला की तीच वाक्यं टाळीसाठी फेकल्यासारखी होतात.

आणि ते परीक्षकांचे चेहरे! 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' मी आवडीने बघतो, नट अव्वल आहेत. पण समीर चौघुले पंच टाकतात आणि त्याच क्षणी कॅमेरा हसणाऱ्या परीक्षकांवर जातो. वाक्य टाकल्यावर नटाच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघायचं असतं. ते हातातून निसटतं.

टोरांटोचा_हिवाळा

मी दुसऱ्या बाजूने. इथे डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो. मी कामावरून घरी येते, कुकर लावते आणि मराठी काहीतरी हसरं लावते. एकटीच राहते. सिनेमा बघताना मी क्वचितच मोठ्याने हसते. ज्यात प्रेक्षक आहेत ते लावलं की हसते. फरक मला स्वतःला जाणवतो.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी संशोधकाने माणसं कधी हसतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. एकट्यापेक्षा माणूस सोबतीत साधारण ३० पट जास्त हसतो असं त्यांना आढळलं. मुका_सीन, तुम्ही हशाला बोट धरणं म्हणता. माझ्यासाठी ती सोबत आहे. बनवाबनवीला आज हशा लागत नाही, कारण आपण तो आधी भरलेल्या थिएटरात किंवा घरच्यांच्या गराड्यात बघितलेला असतो. ते हसू आपल्या आठवणीतून वाजत असतं.

मुका_सीन

ताई, सोबत हवी हे मान्य. पण माझ्या मुलाने तो सिनेमा गेल्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, तोही एकट्याने. हसण्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

फेडर_वर_खाली

ध्वनिसंकलन हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडं पडद्यामागचं. तिसरी_घंटा, 'त्या रात्रीचा हशा' ही गोष्ट तुम्हाला वाटते तितकी निर्मळ नसते.

शूटिंगमध्ये रीटेक होतात. एकच विनोद दुसऱ्यांदा ऐकून माणसं तितकी हसत नाहीत. मग नटाचा दुसरा टेक चांगला असेल तर त्याखाली पहिल्या टेकचा हशा सरकवला जातो. पंचवीस मिनिटांचं स्किट बारा मिनिटांवर आणलं की हशा मध्येच तुटतो, तो जोडायला दुसरीकडचा तुकडा लागतो. कामातला शब्द 'स्वीटनिंग'. खऱ्या हशात थोडी साखर घालायची. हे आजचं नाही. सीबीएस या अमेरिकी वाहिनीतले ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस यांनी १९५० च्या दशकात एक पेटीच बनवली होती. टाइपरायटरसारख्या कळा दाबून खुसखुस, खदखद, एकट्या बाईचं खिदळणं असं हवं ते हसू काढायचं आणि पायाखालच्या पेडलने ते कमीजास्त करायचं. पेटीला कुलूप. आत काय आहे ते बाहेरच्या कुणाला दाखवत नसत.

हशा काढणंही वाटतं तितकं सोपं नाही. नटांच्या माइकमध्ये तो शिरलेला असतोच. प्रेक्षकांचा ट्रॅक बंद केलात तरी मागे एक पातळ, लांबून येणारं हसू राहतं, शेजारच्या इमारतीत लग्न असल्यासारखं. ते ऐकायला भरल्या हशापेक्षा वाईट.

रांग_एल

फेडर यांनी लिहिलं ते मी दुसऱ्या टोकाला बसून अनुभवलंय. मी आणि माझी जाऊ एका विनोदी कार्यक्रमाच्या शूटिंगला प्रेक्षक म्हणून गेलो होतो. कोणता ते लिहीत नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच आमच्याकडून सगळं करून घेतलं. "आता मोठ्याने हसा. आता टाळ्या. आता चकित व्हा. आता एकमेकींकडे बघून हसा." कॅमेरा आमच्यावरच. स्टेज रिकामं. तेव्हा गंमत वाटली.

महिन्याभराने घरी सगळे मिळून भाग बघत होतो. एका जाड्या मुलीच्या खाण्यावर विनोद झाला. प्रत्यक्षात त्या विनोदाला मी हसले नव्हते. मला नक्की आठवतं, कारण माझी मुलगी त्याच वयाची आहे, तिलाही शाळेत चिडवतात, आणि ऐकताना माझ्या पोटात कालवलं होतं. पडद्यावर त्या वाक्यानंतर माझा चेहरा आला. डोकं मागे टाकून हसणारा. मुलगी शेजारी बसली होती. काही बोलली नाही, उठून आत गेली.

मी तिला सगळं समजावलं, तिला पटलंही. पण तिने ते बघितलं ते बघितलंच. माझं हसू मी ज्या गोष्टीला दिलं नव्हतं तिच्यासाठी वापरलं गेलं. म्हणून विचारते, रेकॉर्डिंगमधला हशा कुणाचा आणि कशाला होता, हे बघणाऱ्याला कसं कळणार?

तिसरी_घंटा

रांग_एल ताई, तुमचं वाचून मोबाईल बाजूला ठेवला, सकाळी पुन्हा वाचलं. याला माझ्याकडे उत्तर नाही. हसू ही त्या माणसाने दिलेली दाद आहे, ती उचलून भलतीकडे लावणं ही खोटी सही आहे. पण मला हे खऱ्या हशाविरुद्धचं नव्हे, त्याच्याच बाजूचं वाटतं. त्या वाक्याला तुम्ही गप्प होतात. तुमचं गप्प असणं रेकॉर्डिंगमध्ये राहायला हवं होतं. लिहिणाऱ्याला ते ऐकू जायला हवं होतं.

समोर माणसं असण्याचा मोठा उपयोग हाच. 'फ्रेंड्स' ही अमेरिकी मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची. एखादं वाक्य पडलं, कुणी हसलं नाही, की लेखक तिथेच कोंडाळं करून नवं वाक्य लिहायचे आणि पुढच्या टेकला ते टाकायचे. 'येस मिनिस्टर' ही ब्रिटिश मालिकाही बीबीसीने प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केली. सरकारी कारभारातल्या खाचाखोचांवर इतकं बारीक लिहिलेलं, तरी ते माणसांसमोर तपासून घेतलं गेलं. माणसं हसली तर ठेवा, गप्प बसली तर बदला, हा प्रामाणिक व्यवहार आहे.

मुका_सीन

इथेच मतभेद. माणसं हसली ते ठेवलं, म्हणूनच दर आठवड्याला साडी नेसलेला पुरुष येतो. एन्ट्रीलाच हशा मिळतो, मग लेखक पुढे कशाला राबेल? गालातल्या गालात येणारं हसू माइकला ऐकू जात नाही. द. मा. मिरासदारांचा विनोद घ्या. वाचताना आवाज होत नाही, पण दिवसभर ओठाच्या कोपऱ्यात राहतो. हशा मोजून लिहिणाऱ्याच्या हातून तो विनोद होणार नाही.

कोल्हापुरी_पायताण

मुका_सीन, मिरासदारांचं नाव चुकीच्या ठिकाणी घेतलंत. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. कुठे सभागृह, कुठे उघडं मैदान. आमचे आजोबा सांगायचे, लोक धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचे. ओठाच्या कोपऱ्यातला विनोद आणि मैदान हलवणारा विनोद एकाच माणसाचा होता.

मुका_सीन

हे मान्य. मिरासदार मागे घेतो, साडी नाही.

फेडर_वर_खाली

तिसरी_घंटा, तुमच्या एकांकिकेचं विचाराल तर झालेल्या प्रयोगाला हात लावू नका, आहे तसा टाका. पुढच्या प्रयोगाला मात्र आधीच तयारी ठेवा. नटांना कॉलर माइक द्या. प्रेक्षकांसाठी दोन माइक वेगळे, स्टेजच्या दोन कडांना, स्टेजकडे पाठ आणि सभागृहाकडे तोंड. सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, जागच्या जागी मिसळू नका. मग घरी हशाची पातळी बोलण्याच्या खाली ठेवता येते. सगळीकडे सारखा कमी करू नका. वाक्याच्या शेवटच्या शब्दापुरता दाबायचा, शब्द संपला की सोडायचा. वेळखाऊ काम आहे, चाळीस मिनिटांच्या प्रयोगाला दोन-तीन रात्री जातील. मी करून देईन, पैसे नकोत. आणि मराठी सबटायटल टाका, पण पंच आधीच वाचला जाणार नाही अशी तोडून.

तिसरी_घंटा

फेडर, मनापासून आभार. संस्थेत उद्याच बोलतो. पुढचा प्रयोग पुण्यात आहे, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. कर्णफूल, तयार झालेलं रेकॉर्डिंग आधी तुम्हाला पाठवू का? आईंना प्रत्येक वाक्य ऐकू आलं तरच वर टाकू.

कर्णफूल

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते रेकॉर्डिंग नंतर बघू, प्रयोगालाच का जाऊ नये? आम्ही चिंचवडला असतो, येणं जमेल. फक्त पहिल्या रांगेत, डाव्या कडेची खुर्ची मिळाली तर बरं. तिचा उजवा कान त्यातल्या त्यात चांगला आहे.