'कॉपी-ऑन-राइट'ला 'लेखनसमयी प्रत' म्हणावे का?

प्रश्न :

लिनक्सवरील एक्सएफएस या फाइल सिस्टिमविषयी (डिस्कवर फायली कोठे व कशा ठेवायच्या हे सांभाळणाऱ्या यंत्रणेविषयी) मराठीत टिपण लिहीत असताना तीन शब्दांपाशी अडलो आहे. 'कॉपी-ऑन-राइट'साठी 'लेखनसमयी प्रत' असे लिहिले, आणि 'ॲलोकेशन' व 'रिझर्व्हेशन' या दोहोंसाठी 'वाटप'. वाचून पाहता पहिला शब्द प्रत्यक्ष घडते ते सांगत नाही आणि उरलेल्या दोन कल्पना एकमेकींत मिसळतात. कृपया मत द्यावे.

उत्तर :

आपली शंका रास्त आहे, आणि पहिल्या शब्दापुरता दोष मूळ इंग्रजी नावाचाच आहे. युनिक्समध्ये एका प्रक्रियेतून (चालू असलेल्या प्रोग्रॅममधून) 'फोर्क' या आज्ञेने दुसरी निघाली की दोघी मेमरीतील तीच पाने वापरतात आणि एखादी लिहू लागली की तेवढ्या पानाची खरोखर प्रत काढली जाते. एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थापकाच्या जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटमध्येही (एका क्षणीची डिस्कची स्थिती जपून ठेवण्याच्या सोयीत) मूळ ब्लॉकमधील, म्हणजे डिस्कवरील जागेच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यातील, मजकूर आधी राखीव जागेत उतरवून ठेवतात आणि मगच त्या ब्लॉकवर नवा मजकूर लिहितात. या दोन्ही ठिकाणी 'लेखनसमयी प्रत' अक्षरशः खरे आहे. एक्सएफएसमध्ये 2016 साली, लिनक्सच्या 4.9 आवृत्तीत, दोन फायलींनी तेच ब्लॉक सामाईक वापरण्याची सोय आली तेव्हा नाव तेच राहिले, पण तिथे अशा सामाईक ब्लॉकला हातच लागत नाही. नवा मजकूर वेगळ्या ब्लॉकमध्ये जातो. प्रत होते ती काठावरच, म्हणजे 4096 बाइटांच्या ब्लॉकपैकी थोडेच बाइट बदलायचे असतील तर उरलेले जुन्या ब्लॉकमधून वाचून नव्यांबरोबर लिहावे लागतात, तेवढीच. म्हणून 'नव्या जागी लेखन' असे लिहावे आणि रूढ नाव देवनागरीत एकदा द्यावे.

दुसऱ्या मुद्द्यात मला अधिक आस्था आहे, कारण तेथे शब्द चुकला तर वाचकाला यंत्रणाच कळत नाही. लिहिण्याची विनंती येते तेव्हा एक्सएफएस सहसा फक्त मोकळ्या जागेच्या हिशेबातून तेवढे ब्लॉक वजा करून ठेवते, म्हणजे जागा संपली असेल तर ते तिथल्या तिथे कळते. कोणते ब्लॉक द्यायचे हे मात्र मजकूर प्रत्यक्ष डिस्कवर पाठवताना ठरते. रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याचे तिकीट पक्के असले तरी कूपे कोणता हे चार्ट तयार होताना कळते, तसेच हे आहे. पहिल्या टप्प्याला 'आरक्षण' आणि दुसऱ्याला 'वाटप' म्हणावे. सामाईक ब्लॉकवर लिहितानाही हेच दोन टप्पे होतात, आणि म्हणूनच फायलीची लांबी एका बाइटनेही न वाढवता जुना मजकूर बदलू पाहणाऱ्याला 'जागा शिल्लक नाही' असे उत्तर मिळू शकते. मजकूर विखुरला जाऊ नये म्हणून हे वाटप एरवी 32 ब्लॉकच्या सलग पट्ट्यांच्या हिशेबाने केले जाते.

नवे ब्लॉक लिहून पूर्ण होईपर्यंत फायलीचा नकाशा, म्हणजे तिचा कोणता भाग कोणत्या ब्लॉकमध्ये आहे याची नोंद, जुन्याच ब्लॉककडे बोट दाखवतो. लेखन पार पडल्यावर तो नव्यांकडे वळवला जातो. यासाठी मला 'फेरफार' सुचतो. तलाठी गाव नमुना 6 मध्ये फेरफाराची नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सात-बारा बदलतो. मधेच वीज गेली, तर अर्धवट राहिलेले नवे ब्लॉक पुढच्या माउंटच्या वेळी (फाइल सिस्टिम पुन्हा वापरासाठी जोडली जाताना) मोकळे केले जातात आणि जुना नकाशा अबाधित राहतो, म्हणजे प्रमाणित न झालेली नोंद रद्द व्हावी तसे.

प्रश्नकर्ता :

आरक्षण आणि वाटप हा भेद मी स्वीकारतो. 'फेरफार'विषयी मात्र हरकत आहे, कारण 'हिशेबात फेरफार केला' या वाक्यात तो लबाडीचा शब्द होतो, आणि ज्या यंत्रणेचा सगळा खटाटोप मजकूर सुरक्षित ठेवण्यासाठी आहे तिच्या वर्णनात ती छटा नको.

उत्तर :

हरकत योग्य आहे. महसुली अर्थ जाणणाऱ्या शेतकऱ्याला तो शब्द स्वच्छ वाटेल, पण सगळे वाचक तसे नसतात. क्रियापद 'फेरफार करणे' टाळून 'फेरफार नोंद प्रमाणित होणे' असे पूर्ण लिहिले तर लबाडीचा अर्थ डोकावत नाही. तेही लांब वाटल्यास 'नोंदबदल' चालेल. त्यात प्रमाणित होण्याची पायरी मात्र दिसत नाही, म्हणून ती टिपणात वेगळ्या वाक्यात सांगावी.