टेक्सासात हरणाची शिकार : .२४३ साठी कोणती गोळी, नेम कुठे?

लष्करकर (ग्वाल्हेर): नोव्हेंबरात ताईकडे टेक्सासला जातोय. भावजींनी लानोजवळ शिकारीसाठी रान लीजवर घेतलंय, व्हाइटटेल हरणं भरपूर. रायफल त्यांची, .२४३ विंचेस्टर (.२४३ इंच जाडीच्या गोळीची). मचाणापासून ८०-१०० यार्ड. मी आजवर फक्त कागदी टार्गेटवर नेम धरलाय. २० गोळ्यांच्या डब्याला ४० डॉलरच्या वर जायचं नाही. गोळी कोणती आणि मारायची कुठे? जनावर तडफडायला नको.

बाराबोर_इंदूर: .२४३ म्हणजे खेळणं हो! आमचे आजोबा शिवपुरीच्या जंगलात १२ बोरनं एका गोळीत सांबर बसवायचे. सरळ मोठी .३०० विन मॅग घ्या, १८० ग्रेन (गोळीचं वजन).

ह्यूस्टनकर: रायफल भावजींची आहे, लष्करकरांना विकत घ्यायची नाहीये. माझ्या मुलीनं पहिलं हरण .२४३ नंच पाडलं. धक्का कमी, म्हणून ट्रिगर दाबताना डोळे मिटत नाहीत. ९५-१०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) घ्या. ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या छोट्या जनावरांसाठी असतात, त्या हाडावर फुटतात.

बाड्यावरचा: मारायचंच कशाला? १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद झाली ते उत्तम झालं. माधव नॅशनल पार्कात जाऊन चितळं बघा.

ह्यूस्टनकर: इथे हंगाम, लायसन्स, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) सगळं ठरलेलं आहे. लष्करकर, व्हिजिटर व्हिसा असेल तर आधी हंटिंग लायसन्स काढा, बाहेरच्यांना ३१५ डॉलर. ते नसताना रायफल किंवा गोळ्या बाळगणं फेडरल गुन्हा आहे.

मिनेसोटाची_माई: शिशाची गोळी नकोच. तिचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात, एक्स-रेत स्पष्ट दिसतात. घरात लहान मुलं खाणार ना? तांब्याची घ्या. डबा ५०-६० ला पडेल, पण घ्या.

बाराबोर_इंदूर: .३०८ तरी घ्या मग.

पाटणकर_पेन्सिल्व्हेनिया: गोळीवरच भांडताय, नेमाचं कुणी बोलत नाही. डोक्यावर मारू नका. चार बोटं चुकलं की जबडा तुटतो आणि जनावर उपासमारीनं मरतं. हरण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर या. छातीचा खालचा एक तृतीयांश सोडला की तिथे नेम, म्हणजे फुफ्फुसं फुटतात. शेपटी तुमच्याकडे करून तिरपं उभं असेल तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरा आणि गोळी त्या दिशेनं जाऊ द्या. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा, वळू द्या. गोळी लागल्यावर अर्धा तास जागचे हलू नका. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर हरण जवळच पडलेलं असतं. हिरवट घाण दिसली, वास आला, तर पोटात लागलीय. मग सहा-आठ तास मागे जायचं नाही. लगेच गेलात की ते उठून पळतं आणि हातचं जातं.

ह्यूस्टनकर: हेच म्हणत होतो, पायाच्या मागे.

लष्करकर: सगळ्यांचे आभार. भावजींशी बोललो. रायफल ८५ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीवर झिरो केलेली (नेम जुळवलेली) आहे, तीच वापरणार, बजेट गेलं तरी चालेल. नेम मात्र पायाच्या मागे नाही, खांद्यावर धरणार. शेजाऱ्याचं कुंपण मचाणाच्या अगदी जवळ आहे. फुफ्फुसात लागलेलं हरणही बरंच पळतं आणि परवानगीशिवाय पलीकडे पाऊल टाकता येत नाही.

पाटणकर_पेन्सिल्व्हेनिया: खांद्याचं मांस वाया जाईल.

लष्करकर: जाऊ दे. जागच्या जागी पडलं पाहिजे.