शब्दचर्चा: ‘कातणे’ आणि ‘कातरणे’

प्रश्न: घोंगड्यांविषयीच्या एका लेखात ‘मेंढ्या कातून लोकर काढतात’ असे वाक्य वाचले. येथे ‘कातरून’ हवे होते का, की ‘कातणे’ या क्रियापदातही कापण्याचा अर्थ आहे?

उत्तर: येथे ‘कातरून’ हेच हवे. मेंढी कातरतात आणि लोकर काततात. या दोन कामांच्या मध्ये लोकर निवडण्याचे व पिंजण्याचे चिकाटीचे काम असते. मात्र आपल्या शंकेला जुना आधार आहे. संस्कृतात ‘कृत्’ या एकाच रूपाचे दोन धातू आहेत. एकाचे ‘कृन्तति’ म्हणजे कापतो, दुसऱ्याचे ‘कृणत्ति’ म्हणजे सूत काततो; आणि दोहोंपासून होणारे नाम एकच, ‘कर्तन’. केशकर्तनालयाच्या पाटीवर दिसते ते पहिल्या धातूचे. दुसरा धातू कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भेटतो. विधवा, अपंग स्त्रिया, कन्या, संन्यासिनी, वृद्ध राजदासी अशा स्त्रियांकडून लोकर, कापूस, ताग इत्यादींचे सूत सूत्राध्यक्षाने, म्हणजे सूतकामावरच्या राजाच्या अधिकाऱ्याने, काढून घ्यावे, असे सांगताना तेथे ‘कर्तयेत्’ हे क्रियापद आले आहे. सूत तलम, जाडे की मध्यम हे पाहून मजुरी ठरवावी, असेही लगेच पुढे म्हटले आहे. घरबसल्या कातणाऱ्या स्त्रीच्या कसबाची ही नोंद मला फार मोलाची वाटते.

प्रत्यक्ष कृती पाहिली, तर हे अर्थ किती दूरचे आहेत ते कळते. चरख्यावर कापूस कातताना उजवा हात चाक फिरवतो आणि डाव्या हाताच्या चिमटीतला पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) चातीच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या टोकदार सळईच्या, टोकापासून हळूहळू मागे नेला जातो. ओढ आणि पीळ एकाच वेळी मिळाल्यामुळे आखूड तंतू एकमेकांना धरून राहतात व त्यांचा सलग धागा होतो. ओढीच्या मानाने पीळ कमी पडला तर सूत तुटते, जास्त झाला तर ते स्वतःभोवतीच वळून त्याला अढ्या पडतात. हातभर सूत निघाले की चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवतात आणि मग ते सूत चातीवर गुंडाळतात. येथे काहीच कापले जात नाही. उलट तुटक तंतू जोडले जातात.

प्रश्न: मग ‘कातर स्वर’ आणि ‘कातरवेळ’ यांचे काय?

उत्तर: त्यांचा या दोन्ही धातूंशी संबंध जोडू नये. ‘कातर’ हे व्याकूळ, भ्यालेला या अर्थाचे संस्कृत विशेषण आहे. कापण्याची कातर ‘कर्तरी’पासून आली. ‘कातकरी’ हे नावही सूत कातण्यावरून पडलेले नसून खैराच्या लाकडापासून कात तयार करण्याच्या व्यवसायावरून पडले आहे.

लेखनाविषयी एक सूचना करावीशी वाटते. ‘सूतकताई’ हा शब्द मराठीत चांगला रुळला आहे आणि नाम म्हणून तो जरूर वापरावा. पण ‘ती सूताची कताई करते’ असे लिहिण्याचे कारण नाही. ‘ती सूत कातते’ हे आखूड, नेमके आणि पूर्वापार मराठी आहे. मूळ वाक्य ‘मेंढ्या कातरून लोकर काढतात आणि ती पिंजून, कातून घोंगडीसाठी सूत तयार करतात’ असे करावे.