मदत हवी आहे: जीसीएसई इंग्लिश लिटरेचर. गोष्ट तोंडपाठ आहे, मार्क पडत नाहीत

निंबोणी

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात लेस्टरला राहतो. लेक इयर इलेव्हनला आहे, मे-जूनमध्ये तिची जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा). गणित-सायन्सची चिंता नाही, पण इंग्लिश लिटरेचरनं घरात सगळ्यांना घाम फोडलाय. बोर्ड एक्यूए. नेमलेली पुस्तकं: शेक्सपिअरचं 'मॅकबेथ', डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल', प्रीस्टलीचं 'अॅन इन्स्पेक्टर कॉल्स' आणि 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' गटातल्या १५ कविता. मॉकमध्ये (शाळेच्या सराव परीक्षेत) ५ ग्रेड आली. (भारतातल्यांसाठी: इथे ९ सगळ्यात वरची, ४ म्हणजे पास, ५ला 'स्ट्राँग पास' म्हणतात.) तिला ए-लेव्हलला (इथली अकरावी-बारावी) हाच विषय घ्यायचाय, म्हणून ७ तरी हवी असं तिचंच म्हणणं.

बाईंचा शेरा दर वेळी तोच. "गोष्ट सांगतेस, विश्लेषण करत नाहीस." म्हणजे नक्की काय करायचं, हे ना तिला कळतंय ना मला. मी मिरजेची, मराठी माध्यमातली. आमच्या वेळी इंग्रजीचा पेपर म्हणजे धडा, धड्याखालचे प्रश्न आणि गाईडमधली उत्तरं. इथे पुस्तक आत नेता येत नाही म्हणून ती अवतरणांची कार्डं करून घोकत बसते. फ्रिजवर कार्डं, जिन्यात कार्डं, बाथरूमच्या दारावरसुद्धा. अवतरण विचारलं तर धडाधड म्हणून दाखवते, पण उत्तरात ते कुठे बसवायचं तिथे गाडी अडते.

मॉकमधला प्रश्न लेडी मॅकबेथ ताकदवान स्त्री म्हणून कशी रंगवली आहे असा होता. हिनं लिहिलं: आधी पत्र वाचते, मग नवऱ्याला भरीस पाडते, मग राजा डंकनचा खून होतो, मग झोपेत चालते, मग मरते. एक शब्द चुकीचा नाही. ३४पैकी १७.

कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा. शिकवणी लावायची का, तेही सांगा. तासाचे दर ऐकून सध्या गप्प बसलेय.

जुनाखोड

पुण्यात असतीस तर 'अपेक्षित' आणून दिलं असतं, प्रश्नच मिटला असता. :)

गंमत सोडून सांगतो. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' मिळालं तर आणून ठेव. मॅकबेथचंच रूपांतर आहे. परीक्षेला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण तू ते वाचलंस तर लेकीशी भांडायला तरी येशील.

खडूफळा

मी इथल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते, एक्यूएच. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मार्क कुठून येतात ते बघा. पेपर दोन. पहिल्यात शेक्सपिअर आणि एकोणिसाव्या शतकातली कादंबरी, पावणेदोन तास, ६४ मार्क. दुसऱ्यात आधुनिक नाटक, नेमलेल्या कविता आणि न पाहिलेल्या कविता, सव्वादोन तास, ९६ मार्क. मोठ्या प्रश्नांचे ३० मार्क असे फुटतात: १२ तुमच्या मताला आणि त्याला दिलेल्या आधाराला, १२ लेखकानं ते कसं साधलं याला, ६ काळ-समाजाच्या संदर्भाला. शेक्सपिअर आणि आधुनिक नाटकाला शुद्धलेखनाचे ४ वर. गोष्ट सांगण्याला यात एकही मार्क नाही. तपासणाऱ्यानं नाटक वाचलेलं असतं हो, त्याला पुढे काय झालं ते नको असतं.

आता लेडी मॅकबेथ. तुमच्या मुलीनं घटना घडल्या त्या क्रमानं लिहिल्या. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात एक मत ठोकायचं. उदाहरणार्थ: तिची ताकद ही तिनं ओढूनताणून आणलेली आहे आणि शेक्सपिअर ती आपल्यासमोर उसवून दाखवतो. पुढे जे लिहायचं ते या मताला पुरावा म्हणून. डंकनच्या खुनानंतर मॅकबेथ विचारतो की नेपच्यूनचा अख्खा समुद्र तरी हे रक्त धुऊन काढील का, आणि ती पटकन म्हणते, "अ लिटल वॉटर क्लिअर्स अस ऑफ धिस डीड." पाचव्या अंकात तीच बाई झोपेत हात चोळतेय, अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी हा वास जायचा नाही म्हणतेय. समुद्र अपुरा पडेल ही भीती आधी त्याची होती, आता तिची झाली. ही दोन टोकं शेजारी ठेवलीत की विश्लेषण सुरू झालं.

आणि एक गोष्ट मुलं हमखास विसरतात. आधी ती पद्यात बोलते, झोपेत चालते त्या प्रवेशात गद्यात. इतक्या मोठ्या पात्राकडून शेक्सपिअर छंद काढून घेतो, का? यावर चार ओळी लिहिणारं मूल पाचावर अडकत नाही. 'इथे उपमा आहे, इथे अनुप्रास आहे' अशी यादी करण्यात मात्र अर्थ नाही. अलंकार ओळखता येतो हे कळतं, पण त्यानं काय घडलं ते राहूनच जातं.

शिकवणीचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर आत्ता नको. जुने पेपर आणि मार्किंग स्कीम एक्यूएच्या साइटवर फुकट आहेत.

निंबोणी

ताई, काय सुंदर समजावलंत! तिला वाचून दाखवलं. गद्य-पद्याचं ऐकून तिनं पुस्तक आणून तपासलं आणि "खरंच की" म्हणाली. आईनं सांगितलं असतं तर तपासलंही नसतं.

त्या ६ मार्कांबद्दल विचारते. ही प्रत्येक मॅकबेथ उत्तराच्या शेवटी एक ठरलेला परिच्छेद चिकटवते: जेम्स राजा, त्यानं १५९७ मध्ये चेटकिणींवर पुस्तक लिहिलं, १६०५ चा गनपावडर कट (राजाला पार्लमेंटसकट उडवायचा). डिकन्स आला की वडील कर्जापायी तुरुंगात आणि बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात. प्रश्न कुठलाही असो. चालतं का?

थेम्सकाठचा

चालतं. माझ्या मुलानं गेल्या वर्षी तसंच केलं आणि ७ आली. ताईंचं सगळं बरोबर आहे, पण परीक्षा हॉलमध्ये साधारण पन्नास मिनिटांत एक निबंध संपवायचा असतो. सुचलं नाही तर हाताशी तयार माल असलेला बरा.

खडूफळा

थेम्सकाठचे, मुलाचं अभिनंदन! पण ती ७ त्या परिच्छेदामुळे आली असेल असं मला वाटत नाही. शेवटी चिकटवलेला इतिहास त्याच्या जागी कोरडाच राहतो. त्याला मार्क द्यायचे तर प्रश्नाशी जोड दिसावी लागते.

मॅकबेथचा सोबती बँको, त्याच्यावर प्रश्न आलाय असं धरा. शेक्सपिअरनं ज्या इतिहासग्रंथातून कथा घेतली, त्या हॉलिनशेडमध्ये बँको खुनात सामील आहे. नाटकात तो स्वच्छ आहे. का? कारण १६०३ मध्ये गादीवर आलेला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानायचा. त्याच्या पूर्वजाला खुनी कसं दाखवणार? इथे जेम्स कामाला आला. मॅकबेथच्या महत्त्वाकांक्षेवरच्या उत्तरात बँको विरुद्ध टोक म्हणून वापरता येतो. तोच जेम्स उत्तराच्या शेपटाला बांधला की नुसता लोंबतो.

डिकन्सचं तर आणखी सोपं आहे. कंजूष स्क्रूज गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्यांना विचारतो, तुरुंग नाहीत का, वर्कहाउस (गरिबांना राबवून घेऊन आसरा देणारी घरं) नाहीत का. १८३४ च्या पुअर लॉनं गरिबांना याच वर्कहाउसांकडे ढकललं होतं आणि पुस्तक आलं १८४३ मध्ये. पुढे तिसऱ्या भागात इग्नरन्स (अज्ञान) आणि वाँट (ददात) ही दोन वाळलेली मुलं दिसतात, स्क्रूज कळवळतो, तेव्हा भूत त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकतं. कायदा, पात्र आणि रचना तिन्ही एका परिच्छेदात आले की नाही? बूटपॉलिशच्या कारखान्याची गरजच पडली नाही.

थेम्सकाठचा

बँकोचं माहीत नव्हतं. पटलं. (तरी हाताशी थोडा तयार माल ठेवाच. :))

अवतरणांचा आमचा अनुभव सांगतो. मुलानं आधी शंभरेक पाठ केली होती आणि वापरली त्यातली मूठभर. शेवटी प्रत्येक पुस्तकाची थोडीच ठेवली, तीही कुठल्याही प्रश्नाला चालतील अशी. मॅकबेथमधलं "स्टार्स, हाइड युअर फायर्स" घ्या. महत्त्वाकांक्षा, अपराधगंड, ढोंग, उजेड-अंधार, काहीही विचारा, लागू पडतं. इन्स्पेक्टरला त्यानं कारखानदार बर्लिंगचं टायटॅनिक धरून ठेवलं होतं. नाटक घडतं १९१२ मध्ये, लिहिलं १९४५ च्या सुमारास. बर्लिंग जहाज बुडणार नाही म्हणतो, युद्ध होणार नाही म्हणतो, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांनी दोन्ही महायुद्धं पाहिलेली. त्या माणसाच्या भांडवलशाहीवरच्या भाषणाला मग काय किंमत राहते!

खडूफळा

हे उत्तम. भर घालते: त्या नाटकातल्या रंगसूचनाही वापरा. इन्स्पेक्टर येईपर्यंत प्रकाश गुलाबी, जवळिकीचा. तो आला की उजळ आणि कडक. कार्डावर एक ओळसुद्धा न घोकता हे लक्षात राहतं. संदर्भ म्हणजे दर वेळी शब्दशः अवतरणच असं नाही, प्रसंगाकडे नेमकं बोट दाखवलं तरी चालतं. जिन्यातली निम्मी कार्डं काढली तरी हरकत नाही.

आणखी एक. मॅकबेथ आणि कॅरलला उतारा छापून देतात, इन्स्पेक्टरला देत नाहीत. तिथे दोन प्रश्नांतला एक निवडायचा. उतारा असला की मुलं त्यातच रुतून बसतात. उताऱ्याबाहेरच्या पुस्तकाबद्दल लिहिणं सक्तीचं आहे, हे तिला बजावा.

पेरूचीफोड

मध्येच तोंड घालते. मुंबईत आयसीएसईला आमच्याकडे 'ज्युलियस सीझर' आहे. उतारा देतात, खाली तुकड्यातुकड्यांचे प्रश्न, आणि कोण कुणाला कुठे म्हणालं हे पक्कं हवं. तिथे गोष्ट पाठ असणाऱ्याचीच चलती. त्यामुळे भारतातले नातेवाईक "पाठ कर" म्हणाले तर रागावू नका, त्यांच्या परीक्षेत ते बरोबरच आहे.

निंबोणी

पेरूचीफोड, अगदी! माझ्या दादानं फोनवर तेच सांगितलं.

आता कविता. पंधरा कवितांतली एक छापून येते आणि दुसरी मनानं निवडून तुलना करायची. म्हणजे पंधराच्या पंधरा पाठ? आणि न पाहिलेल्या कवितेचं नाव काढलं तरी ती हातपाय गाळते.

खडूफळा

छापून कुठलीही येऊ शकते, म्हणून समजलेल्या सगळ्या हव्यात. मनातून आणायच्या मात्र चार-पाचच नीट तयार करा, प्रत्येकीला तीन-चार जोडीदार निघतील अशा. शेलीची 'ओझिमँडियस' आणि ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' घ्या. दोघांत सत्तेची घमेंड आहे, दोघांत एक कलाकृती उरलीय. पण ओझिमँडियसच्या पुतळ्यात शिल्पकारानं राजाच्या चेहऱ्यावरची तुच्छता कोरून ठेवली, ती राजाच्या हातात राहिली नाही. ड्यूक मात्र चित्रावरचा पडदाही आपल्याच हातात ठेवतो. युद्धाकडे वळायला ओवेनची 'एक्सपोजर' ठेवा. सैनिक गोळीपेक्षा थंडीनं मरतायत आणि "बट नथिंग हॅपन्स" पुन्हापुन्हा येतं. ती ह्यूजच्या 'बेयोनेट चार्ज'शेजारी ठेवली की एकीत थिजलेपण, दुसरीत धावपळ. तुलना आपोआप उभी राहते. (इम्तियाज धारकर यांची 'टिश्यू' मुलांना कठीण जाते. बाई मुंबईतही राहिल्या आहेत, एवढं सांगितलं तर तुमची लेक जरा आपुलकीनं वाचेल कदाचित.)

न पाहिलेल्या कवितेला घाबरायचं कारणच नाही. पहिल्या प्रश्नाला २४ मार्क, दुसरी कविता देऊन तुलनेला ८, आणि दोन्हींत काळ-समाजाचा संदर्भ अजिबात नको. कवीबद्दल काही माहीत नसलं तरी बिघडत नाही. तिला एवढंच सांगा: कवितेच्या सुरुवातीला बोलणाऱ्याची मनःस्थिती काय, शेवटी काय, आणि मध्ये कुठल्या ओळीवर ती फिरली. त्या वळणावर बोट ठेवलं की उत्तराचा कणा मिळाला. ८ मार्कांचा प्रश्न पंधरा मिनिटांत आटपायचा. मुलं तिथे अर्धा तास घालवतात आणि आधीचा निबंध अर्धवट सुटतो.

निंबोणी

खूप आभार सगळ्यांचे. रविवारी ताईंच्या पद्धतीनं एक प्रयोग केला. स्वयंपाक करता करता तिला म्हटलं, बर्लिंगची मुलगी शीला खरंच बदलते की नुसती घाबरते, सांग. तिनं मराठी-इंग्रजी मिसळून वाद घातला. मी मुद्दाम उलट बाजू धरली. शेवटी ती चिडून म्हणाली की घाबरलेली असती तर इन्स्पेक्टर खोटा निघाल्यावर आईबापांसारखी हसायला लागली असती, आणि होणाऱ्या नवऱ्याची, जेरल्डची अंगठी लगेच परत घेतली असती. मग म्हटलं, हेच लिही.

लिहिलंय. दीड पान. त्यात "मग" कुठेच नाही. बाईंकडे तपासायला दिलंय.

एकच शंका राहिली: पहिल्या पेपरला आधी मॅकबेथ सोडवावं की कॅरल?

खडूफळा

शीलाचा मुद्दा झकास आहे, तो तसाच ठेवा.

जे जास्त येतं ते आधी, पण पन्नास मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं आणि दुसरं सुरू करायचं. मॅकबेथला शुद्धलेखनाचे ४ आहेत, तेव्हा ते दुसरं घेणार असेल तर शेवटची तीन-चार मिनिटं नुसतं वाचायला राखून ठेवायला सांगा. आणि पात्रांची नावं नीट लिहू दे. डंकनचं स्पेलिंग चुकवणारी मुलं दर वर्षी भेटतात.