३,५०० चा प्रिंटर घ्यावा की ११,५०० चा?

कोथरूडकर
मुलगी चौथीत. शाळेच्या ग्रुपवर रात्री दहाला मेसेज पडतो, "उद्या पाच पक्ष्यांची रंगीत चित्रं आणावीत." तोवर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला शटर ओढून घरी गेलेला. म्हणून टिळक रोडला चौकशी करून आलो. साधा कार्ट्रिजवाला ३,५०० ला, शाईच्या टाकीवाला ११,५०० ला. आमची महिन्याला फार तर ३० पानं. वरचे ८,००० कशाला घालू? पटवा.

आकडेमोड्या
घ्या हिशेब. माझ्या साध्या प्रिंटरच्या काळ्या कार्ट्रिजच्या खोक्यावर १२० पानं लिहिलेली, किंमत ८०० च्या घरात. म्हणजे पान साडेसहा रुपयांच्या वर, कागद वेगळा. टाकीवाल्याची ६५ मिलीची काळी बाटली मला साडेचारशेला पडते, तिच्यावर ४,५०० पानं. दहा पैसे! आणि ही सगळी मोजणी साध्या मजकुराच्या पानांवर. पानभर काळं चित्र काढलंत की १२० चे ४० कधी झाले कळत नाही, नकाशातला समुद्र निळा भरलात तर रंगीत कार्ट्रिजचंही तेच. साध्यात बहुतेकदा तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. पिवळा संपला की उरलेल्या निळ्यासकट फेका.

कोथरूडकर
तुमचाच आकडा धरतो. ३० पानं म्हणजे महिन्याला २०० रुपये. ८,००० वसूल व्हायला ४० महिने. तोवर पोरगी सातवी ओलांडेल!

पेठेतली काकू
अहो, तुम्ही दोघं पानं मोजताय, न काढलेल्या पानांचं काय? आमच्याकडे साधा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना कोकणात राहून आलो, तर छापलेल्या प्रत्येक ओळीत पांढरी रेघ. हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, वाळला होता; तीनदा "हेड क्लीनिंग" केलं. ते करताना मशीन शाई ओतूनच टाकतं, खाली स्पंजमध्ये जिरते. कार्ट्रिज निम्मी रिकामी, कागद एकही नाही. तरी आमचं हेड कार्ट्रिजवरच होतं, नवी टाकली आणि सुटलो. टाकीवाल्यात हेड सहसा मशीनमध्येच असतं. ते वाळलं तर दुरुस्तीचा आकडा ऐकून खाली बसाल. महिन्याला ३० पानं काढणाऱ्याने टाकीच्या वाटेला जाऊच नये.

आकडेमोड्या
काकू, आठवड्याला एक रंगीत पान काढत राहिलं की सहसा वाळत नाही. चार पानांची शाई किती जाते?

लेझरवाला
म्हणजे प्रिंटर जिवंत ठेवायला प्रिंट काढायची. भले! लेझर घ्या. टोनर म्हणजे पावडर, वाळायचा प्रश्नच नाही. माझा चार महिने बंद होता, पहिलंच पान स्वच्छ.

पेठेतली काकू
आणि रंग? कावळा आणि कोकीळ निभावतील. पोपट काळा नेला तर बाई काय म्हणतील?

लेझरवाला
पोपटासाठी खडू आहेत की घरात.

कोथरूडकर
बायकोही हेच म्हणाली, पण रात्री दहाला रंगवत कोण बसणार ते नाही सांगितलं. असो. दुकानदाराने टाकीवाला शनिवारपर्यंत बाजूला ठेवलाय. त्याआधी वापरलेला कुणी विकत असेल तर कळवा, ५,००० पर्यंत देईन.

पेठेतली काकू
वापरलेला घेणार असाल तर आधी नोझल चेकचं पान, म्हणजे हेडची चाचणी घेणाऱ्या बारीक रेघांचं पान, काढायला लावा. एक रेघ जरी तुटलेली दिसली, चहासुद्धा न घेता उठा.