मदत हवी आहे: बेसबॉलमध्ये वॉक मिळाला की खेळ थांबतो का?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा बारा वर्षांचा आहे, यंदा गावातल्या लीगमध्ये बेसबॉल खेळतोय. माझा जन्म क्रिकेट बघण्यात गेला, त्यामुळे हा खेळ मी त्याच्याबरोबरच शिकतोय. शनिवारच्या मॅचमधल्या तीन गोष्टी अजून डोक्यातून जात नाहीत.

बेसबॉलमध्ये फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस गाठून होमला परत आलं की रन मिळते. मुलगा फर्स्ट बेसवर होता. पुढच्या बॅटरला चौथा 'बॉल' (बाहेर पडलेला, त्याने न खेळलेला चेंडू) पडला, म्हणजे वॉक, त्याला फर्स्ट बेस आपोआप. हा आरामात सेकंडवर गेला, बेसवर पाय ठेवला आणि बुटाची नाडी सुटली म्हणून दोन पावलं बाजूला होऊन खाली वाकला. कॅचरने (बॅटरच्या मागचा, आपल्या विकेटकीपरसारखा) बॉल शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्डच्या मधला फील्डर) फेकला, त्याने ह्याच्या पाठीला ग्लोव्ह टेकवला. आउट! गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबा, तूच म्हणाला होतास ना, वॉकवर कोणी आउट करू शकत नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसरं, थर्डवर आमचा रनर असताना आमच्या बॅटरची बॅट फिरताना कॅचरच्या ग्लोव्हला लागली. बॉल तरी घरंगळत गेला, बॅटर फर्स्टवर आउट झाला, रनर मात्र होमला पोचला. अंपायर आमच्या कोचशी काहीतरी बोलला आणि रन दिली, बॅटर आउटच राहिला. चूक कॅचरची, मग आउट आमचा का?

तिसरं, समोरच्यांचा एक रनर जमिनीवरून आलेला बॉल उचलणाऱ्या आमच्या शॉर्टस्टॉपवर आदळला. मुद्दाम नव्हतं, सगळ्यांना दिसलं. तरी आउट दिला. निकाल आमच्या बाजूचा होता, पण मला तो पटला नाही.

कोणी नीट समजावेल का? मुलाला पुन्हा चुकीचं सांगायचं नाहीये.

प्रतिसाद १

मी कॅलिफोर्नियात शनिवार-रविवारी मुलांच्या मॅचना अंपायरिंग करतो. तुमच्या तिन्ही मॅचप्रसंगांत अंपायर बरोबर होता.

वॉकवर बॉल डेड होत नाही, म्हणजे खेळ थांबत नाही. क्रिकेटमधला वाइड आठवा: रन मिळते, पण क्रीज सोडलीत तर स्टंपिंग होतंच. तसंच हे. तुमचा मुलगा फर्स्टवर होता, बॅटरला ती जागा द्यायची म्हणून त्याला सेकंड बेस मिळाला. तिथे पोचेपर्यंत त्याला कोणी आउट करू शकत नाही. बेसला पाय लागला की ते संरक्षण संपलं. उलट कॅचरच्या हातून बॉल सुटून मागे गेला असता तर तो थर्डकडेही पळू शकला असता, स्वतःच्या जोखमीवर. बॉल बॅटरच्या अंगाला लागून बेस मिळाला तर मात्र खेळ तिथेच थांबतो. हे दोन्ही मुलं हमखास एकच समजतात.

कॅचरच्या अडथळ्यावर अंपायर खूण करतो, पण प्ले पूर्ण होऊ देतो. नंतर बॅटिंग करणाऱ्या बाजूच्या मॅनेजरला निवड असते. एक, बॅटरला फर्स्ट बेस घ्या. पण मग थर्डवरचा रनर, तो बेस चोरायला (बॉल टाकला जातानाच पुढच्या बेसकडे पळायला) निघाला नसेल तर, परत थर्डवर. दोन, जे घडलं ते कायम ठेवा. तुमच्या कोचने रन घेतली. कॅचरच्या चुकीचा फायदा कसा घ्यायचा ते तुमच्याच बाजूने ठरवलं.

तिसऱ्यात हेतू बघतच नाहीत. क्रिकेटमध्ये 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड'साठी मुद्दाम केलेलं असावं लागतं. इथे बॅटला लागून आलेला बॉल उचलणाऱ्या फील्डरचा हक्क पहिला, रनरने वळसा घालून जायचं. फेकलेल्या बॉलच्या बाबतीत मात्र रनरने जाणूनबुजून अडवलं का, ते बघतात.

धागाकर्ता

मनापासून आभार! वाइडचं उदाहरण मुलाला लगेच कळलं. एक शंका: बंट मारून (बॅट न फिरवता बॉल हळूच जवळ ढकलून) बॅटर पळायला लागला आणि तोच बॉल उचलायला आलेल्या कॅचरवर आदळला, तर बॅटर आउट?

प्रतिसाद १

सहसा नाही. दोघंही आपापलं काम करत असतात, म्हणून तिथे नियमात सूट आहे. १९७५च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलची अंतिम मालिका) तिसऱ्या मॅचमध्ये नेमकं हेच झालं. दहावी इनिंग, ५-५ बरोबरी. सिनसिनाटीच्या एड आर्मब्रिस्टरने बंट मारला आणि बॉस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क त्याच्याशी धडकला. फिस्कने सेकंडला फेकलेला बॉल थेट सेंटर फील्डमध्ये गेला. अंपायर लॅरी बार्नेटने इंटरफिअरन्स (बॅटरने अडथळा आणला म्हणून आउट) दिला नाही. थोड्याच वेळात सिनसिनाटी ६-५ने जिंकलं. बॉस्टनवाल्यांनी तो निकाल कधीच मान्य केला नाही. माझ्या मते बार्नेट योग्य होता. बॅटरने हाताने ढकललं किंवा मुद्दाम वाटेत उभा राहिला, तर मात्र आउट.

आणि नाडी बांधायची असेल तर बेसवर पाय ठेवूनच अंपायरकडे 'टाइम' मागायचा. त्याने दोन्ही हात वर करेपर्यंत पाय उचलायचा नाही.

धागाकर्ता

आत्ताच अंगणात सराव केला. सोफ्याची उशी बेस, मी अंपायर. तीन वेळा मी मुद्दाम हात वर केले नाहीत. तिन्ही वेळा त्याचा पाय उशीवरच होता.