इंजिनिअर बूट घ्यायचेत: मागवू की पुण्यातच बनवून घेऊ?

पौडरोडकर

नमस्कार मंडळी. पुण्यात इंजिनिअर बूट घालणारं कोणी आहे का? म्हणजे ते उंच नळीचे, बिनलेसचे, घोट्यापुढे एक बक्कल आणि वरच्या काठाला दुसरं. आजवर फोटोतच पाहिलेत. एम. जी. रोड झाला, लक्ष्मी रोड झाला, दोन्ही मॉल झाले. सगळीकडे चेल्सी बूट पुढे करतात आणि "सर, आता हेच चालतंय" म्हणतात.

वापर असा: रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, रोज कोथरूड ते हिंजवडी, अधूनमधून ताम्हिणी किंवा वरंधा. बजेट वीस हजार, खरंच चांगलं असेल तर थोडं ताणेन. रनिंग शूज यूके ९ लागतात. पाऊल रुंद नाही, पण वरून उंच आहे. कुठल्याही चपलेचा पट्टा मला घट्टच होतो.

भाऊ डिसेंबरात अमेरिकेहून येतोय. त्याच्याकडून मागवू की इथे बनवून घेऊ? साइज कोणता सांगू? आणि पुण्याच्या उन्हापावसात हे प्रकरण झेपतं का? आई म्हणते गमबूट घे, लांबून तसेच दिसतात.

सदाशिवपेठी

मातोश्रींशी सहमत. गमबूट घ्या, उरलेल्या पैशांत गाडीची सर्व्हिसिंग करा. तसंही हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी चालवायची नसते, पाय टेकून उभं राहायचं असतं. त्याला बक्कल कशाला?

भट्टीवाली

मी घालते. चाकणला फाउंड्रीत नोकरी, सुट्टीला बुलेट. माझे बूट कॅम्पातल्या एका कारागिराने बनवलेत, नवऱ्याकडे एक अमेरिकन जोड आहे. दोन्हींची देखभाल माझ्याकडेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ब्रँड, चामडं, रंग हे सगळं आधी बाजूला ठेव. या बुटाला लेस नाही, म्हणजे माप चुकलं तर आवळून वेळ मारून नेता येत नाही. बक्कल पाहून वाटतं, पट्टा ओढला की पाय जखडला जाईल. तो पट्टा जाड चामड्यावरून जातो. ओढलास तर चामड्याला घडी पडेल, आतला पाय होता तिथेच राहील. बूट पायाला धरतो तो एकाच जागी, पावलाच्या पाठीवर, जिथे कोल्हापुरीचा आडवा पट्टा बसतो तिथे. तिथे सैल असेल तर दर पावलाला टाच उचलणार, घट्ट असेल तर पाय आत जाणारच नाही. आणि तुझी नेमकी तीच जागा उंच आहे. त्यामुळे ८ की ९ हे नंतर बघू, आधी ती पाठ मोज.

दुकानात पाय मोजायचं जे धातूचं ब्रॅनॉक यंत्र असतं, १९२० च्या दशकातलं, अमेरिकन बूटवाले त्याच्याच भाषेत बोलतात. ते लांबी सांगतं, रुंदी सांगतं, टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही सांगतं. पाठीची उंची ते मोजतच नाही. म्हणून परदेशी चर्चांमध्ये "अर्धा नंबर कमी घ्या" असा सल्ला दिसला की तो तुझ्या पायासाठी आहे असं समजू नकोस. दोघांचं ब्रॅनॉक एकच येतं आणि एकाला तोच बूट घालताच येत नाही, हे आमच्या घरात आम्ही पाहिलंय. नवऱ्याचा जोड त्याच्या धाकट्या भावाने घालून बघितला, नंबर तोच, आणि पाय नळीच्या वाकात अडकला. दोघांनी धरून ओढला तेव्हा निघाला.

संध्याकाळी मोज, दिवसभरात पाय फुगतो. जे मोजे घालणार आहेस तेच घाल. कागदावर उभा राहा, पेन्सिल सरळ धरून आकार काढ, म्हणजे लांबी मिळेल. मग शिंप्याच्या टेपने तीन घेर घे: चवड्याचा सर्वांत रुंद भाग, पावलाची पाठ, आणि टाचेच्या मागच्या टोकापासून घोट्यापुढच्या वाकापर्यंतचा तिरका घेर. तिसरं माप साध्या बुटाला कोणी विचारत नाही, ओढून घालायच्या बुटाला तेच सर्वांत महत्त्वाचं, कारण पाय आत जाताना टाच आणि वाक दोन्ही एकदम त्या गळ्यातून पार व्हावे लागतात. दोन्ही पाय मोज, मोठा असेल तो धर.

नंबरांचा घोळही आत्ताच मिटवून टाक. आपल्याकडे बुटावर यूके नंबर असतो, पुरुषांच्या अमेरिकन मापात तो साधारण एकाने वाढतो. तुझा ९ म्हणजे तिकडचा १०. एका पूर्ण नंबरात इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेआठ मिलिमीटर जातात. भावाला नुसतं "नऊ" सांगितलंस तर एवढी तफावत घेऊन तो विमानात बसेल. ब्रॅनॉकचा हिशेब घरीही होतो: पायाची लांबी इंचात, गुणिले तीन, वजा बावीस. रनिंग शूज आपण बोटांपुढे जागा ठेवून घेतो, त्यामुळे या हिशेबाने येणारा आकडा बहुधा तुझ्या रनिंगच्या नंबरापेक्षा कमीच निघेल.

आता मागवायचे की बनवायचे. रेड विंग, चिपेवा, वेस्को ही अमेरिकन नावं तू वाचली असशीलच. चिपेवा आपल्या इंजिनिअर बुटाचं साल १९३७ सांगते, वेस्को १९३९. वाफेच्या इंजिनावर कोळसा मारणारे, पुढे युद्धकाळात जहाजबांधणीतले कामगार हे घालायचे, महायुद्धानंतर मोटरसायकलवाल्यांनी उचलले. लेस का नाही हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ठिणगी बुटात गेली तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो, आणि सुटलेली लेस यंत्रात जायला तेवढाही लागत नाही. मात्र हौसेचे इंजिनिअर बूट मी शॉप फ्लोअरवर घालत नाही. तिथे आयएस १५२९८ या भारतीय मानकाचे सेफ्टी शूजच लागतात, पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसलेला असतो. रेड विंगच्या २२६८ ला पोलादी टोपी आहे, पण बरेचसे इंजिनिअर बूट बिनटोपीचे येतात.

अमेरिकन जोडाचं चामडं आणि शिलाई उत्तम, वादच नाही. पण तुझा भाऊ दुकानात जाऊन स्वतःच्या पायात घालून बघणार. तुला बसले नाहीत तर परत पाठवायचं भाडं, सीमाशुल्क, सगळी कटकट. शिवाय तुझ्या बजेटात ते बसतही नाहीत. तुझ्यासारख्या पायाला मी डोळे मिटून सांगेन, इथे बनवून घे.

पण कोणाकडे जाशील त्याला आधी फर्मा, म्हणजे ज्या पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट घडवतात तो, दाखवायला सांग. आपल्याकडच्या कारागिराचा हात चांगला असतो, अडचण फर्म्याची असते. डर्बीच्या किंवा जोधपुरी बुटाच्या फर्म्यावर वरून नळी शिवून देतात. दिसायला झकास होतो आणि चालताना पाय आतल्या आत पोहतो. जो माणूस फर्म्याच्या पाठीवर चामड्याचे पापुद्रे चिकटवून तुझ्या मापाएवढी उंची आणतो, त्याच्याकडेच काम दे. हलक्या चामड्यात आधी ट्रायल मागायची, लाजायचं नाही. जे तयार होत नाहीत त्यांना नमस्कार करून बाहेर पडायचं.

तळ वेल्टला, म्हणजे बुटाच्या कडेने फिरणाऱ्या चामड्याच्या पट्टीला, शिवलेला हवा, पेस्टिंगचा म्हणजे नुसता चिकटवलेला नको. कडेने शिलाई दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस, साच्यातून काढलेल्या सोलवरही शोभेचे टाके असतात. तळ झिजल्यावर नुसता सोल बदलता येईल का, हा प्रश्न विचार. उत्तर द्यायला माणूस घुटमळला की समज. आत चामड्याचा इनसोल, त्याखाली कॉर्कचा भराव, टाच आणि चवड्यामध्ये पोलादी पट्टी. बुलेटच्या फूटरेस्टवर तासभर उभं राहून ताम्हिणी उतरलास की ती पट्टी कशासाठी होती ते पायालाच कळतं.

चामडं ऑइल पुल-अप, म्हणजे तेल मुरवलेलं, दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचं. कानपूर, राणीपेट, अंबूर इकडून सहज येतं. अंगठ्याने दाबलं की रंग फाकतो आणि मग परत जुळतो, ते घे. वर प्लास्टिकसारखा तुकतुकीत थर असलेलं स्वस्त चामडं वाकावर वर्षभरात तडकतं. बक्कल पितळेचं, लोखंडी नको, आपल्या पावसात गंजतं आणि गंजाचा डाग चामड्यातून जात नाही. बक्कलं बाहेरच्या बाजूला असतात, टाकीवर चरे पडत नाहीत. काही कारागीर हौसेने उलट लावतात, सांगून ठेव.

काळ्या रंगाचा हट्ट असेल तर आतून तपकिरी आणि वरून काळं रंगवलेलं चामडं मिळतंय का बघ. झिजेल तिथे तपकिरी डोकावतं. जपानी बूटवाले याच्यासाठी जीव टाकतात. मला स्वतःला सुरुवातीपासून तपकिरीच आवडतो, पण ते जाऊ दे.

नवा बूट घातल्यावर टाच थोडी उचलणारच. तळ कडक असतो, तो वाकायला लागला आणि घोट्यापाशी चामड्याला त्याच्या घड्या पडल्या की उचलणं कमी होतं. चवड्याचा रुंद भाग बुटाच्या रुंद भागातच बसला पाहिजे, ते मात्र पहिल्या दिवशीच बघ. तिथे चूक असेल तर ती पुढे सुधारत नाही. पहिले काही दिवस घरातच, जाड मोजे घालून.

ऊन: एप्रिल-मेमध्ये दुपारी घालू नकोस, एवढंच. मी त्या दोन महिन्यांत सकाळी लवकर निघते.

पाऊस: चामडं भिजल्याने मरत नाही, घाईने वाळवल्याने मरतं. गॅसपाशी नाही, हीटरसमोर नाही, गच्चीतल्या उन्हात नाही. आत वर्तमानपत्राचे बोळे, ओले झाले की बदलायचे, पंख्याखाली आडवे ठेवायचे. जुलैत बंद कपाटात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेस की बुरशी ठरलेली. आणि कृपा करून दर रविवारी तेल पाजू नकोस. तेलाने चामडं मऊ होतं, मग नळी उभी राहत नाही, मोज्यासारखी घसरते. खोबरेल तर अजिबातच नको, थंडीत थिजून वर पांढरं दिसतं. ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं वाटलं तर थोडं बूटक्रीम, झालं.

खरा त्रास वेगळाच आहे आणि तो कोणी लिहीत नाही. आपल्याकडे प्रत्येक उंबऱ्याशी बूट काढावे लागतात. चिंचवडच्या आत्याकडे गेलास, मित्राकडे गेलास, कार्यालयात जेवायला गेलास, की दारात एका पायावर उभं राहून नळी ओढायची आणि मागे माणसांची रांग. घरी मी सुताराकडून खाचेची लाकडी फळी करून घेतलीय, एका पायाने दाबायची, दुसऱ्याची टाच खाचेत अडकवायची. बाहेर तशी सोय नाही. लग्नाला जाताना चपला.

तीन_गिअर

भट्टीवाली ताईंनी बुटाचं सगळं सांगितलंच, मी गाडीचं सांगतो. क्लासिकला पुढे-मागे पेडल असलेलं गिअर लिव्हर आहे, त्यामुळे जाड पंजा लिव्हरखाली घालावा लागत नाही, टाचेने वर टाकता येतो. एनफिल्डच्याच हिमालयनवाल्यांना मात्र नव्या बुटाने गिअर सापडत नाही. लिव्हर शाफ्टवरून काढून एक दात वर बसवायचा, पाच मिनिटांचं काम.

चामडी तळ दिसायला भारी असला तरी नको. पावसात सिग्नलला पाय टेकलास, त्यात सांडलेलं ऑइल, की गाडीसकट आडवा. रबरी तळ घे, नक्षी फार खोल नको, खडे अडकतात. उजवा पाय सायलेन्सरपासून जपा, रबर चिकटतं.

आणि हे रायडिंग बूट आहेत या समजात राहू नका. ईएन १३६३४ या युरोपियन मानकाची खूण असलेल्या बुटांची घासणं, कापणं, दबणं अशा चाचण्या झालेल्या असतात. इंजिनिअर बुटात घसरल्यावर कातडी वाचेल. घोट्याची हमी मी देणार नाही.

पौडरोडकर

ताई, दंडवत. काल संध्याकाळी आईला टेप धरायला लावून मोजलं. उजवा मोठा निघाला: लांबी २६.५ सेंटिमीटर, चवडा २५, पाठ २६.७, तिरका घेर ३५.५. तुमच्या हिशेबाने ब्रॅनॉक सव्वानऊच्या आसपास येतं. म्हणजे मी भावाला १० सांगणार होतो ते मोठेच झाले असते ना?

आणि आईने टेप धरल्या धरल्या विचारलं, वीस हजारांच्या बुटाला चेन का नाही लावत?

भट्टीवाली

लांबीला मोठे झाले असते, आणि तरी पाठीवर अडकले असते. बघ, तुझी पाठ चवड्यापेक्षा पावणेदोन सेंटिमीटरने जास्त आहे. अमेरिकन नऊच्या, म्हणजे आपल्या यूके आठच्या फर्म्यावर पाठीला भर घालून घे. फर्मा रुंद करून देतो म्हणाला तर नको म्हण, चवडा तुझा नेहमीचाच आहे, तिथे सैल झालं तर सगळं मुसळ केरात. तिरका घेर ३५.५ आहे हे कागदावर लिहून त्याच्या हातात दे, तोंडी सांगितलेलं दिवाळीच्या गर्दीत विसरतात. ऑर्डर गणपतीनंतर लगेच टाकलीस तर ट्रायल होऊन थंडीपर्यंत मिळतील.

आईंना सांग, चेन लावतात काही जण, आतल्या बाजूने. वाकावर चेन सर्वांत आधी जाते आणि ती बदलायला नळी उसवावी लागते. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अगदीच चुकीचा नाही. गुडघे कुरकुरत असते तर मीही लावली असती.

कारागिराचा पत्ता खासगी निरोपात पाठवते. सोमवारी बंद असतो. जाताना मोजे घेऊन जा.